धागा: कारखान्यातला जुना ३६ व्होल्टचा टो ट्रॅक्टर बागेच्या कामाला लावायचा आहे (ठाणे / नवी मुंबई)

घोडबंदरचा_माळी | १२ जून, रात्री ९:०५

महापेच्या एका कारखान्याने मोडीत काढलेला बॅटरीवरचा टो ट्रॅक्टर (सामानाच्या गाड्या ओढणारे छोटे वाहन) सोसायटीच्या बागेसाठी घेतला आहे. बसून चालवायचा, मागची दोन चाके ओढणारी. बाग साधारण दीड एकर. अर्धी सपाट हिरवळ, उरलेला भाग उताराचा, सहा फुटांना एक फूट चढ. पावसाळ्यात गवत कापणे आणि वर्षभर माती-शेणखताची ट्रॉली ओढणे ही दोन कामे त्याच्याकडून हवी आहेत.

मोटरच्या पाटीवर ३६ व्होल्ट डीसी एवढेच वाचता येते, बाकी गंजले आहे. सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या आहेत, त्यातल्या दोन ४ व्होल्टच्याही खाली. पेडलला तीन टप्पे, आणि सीटखाली जाड पट्ट्यांचे रेझिस्टर. किल्ली फिरवली की कॉन्टॅक्टर (मोठा विजेचा स्विच) 'टक' वाजतो, चाक हलत नाही. कुठून सुरुवात करावी?

तांब्याची_तार | १२ जून, रात्री १०:३०

आधी सगळ्या बॅटऱ्या बाहेर काढा. ३६ व्होल्ट देऊन बघण्याचा मोह टाळा.

मागचा धुरा घोडीवर चढवा. नुसत्या जॅकवर ठेवू नका. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मग मोटरची जात ओळखा. पितळी टर्मिनलांवर खुणा असतील: ए१-ए२ म्हणजे आर्मेचर (फिरणारा भाग), डी१-डी२ म्हणजे सिरीज फील्ड (आर्मेचरशी ओळीने जोडलेले चुंबकाचे वेटोळे), ई१-ई२ म्हणजे शंट फील्ड (समांतर जोडलेले). खुणा गेल्या असतील तर मल्टिमीटर लावा. सिरीज फील्ड जाड पट्टीचे असते, मीटर जवळपास शून्य दाखवतो. शंट फील्ड बारीक तारेचे, काही ओहम दिसतात. तुमची चारही टर्मिनले जाड असतील तर सिरीज मोटर असणार.

सिरीज मोटरबद्दल एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. तिला गिअरबॉक्सपासून सोडवून पूर्ण ३६ व्होल्ट कधीही द्यायचे नाहीत. भार नसला की प्रवाह कमी, प्रवाह कमी की फील्ड कमजोर, आणि फील्ड कमजोर झाले की वेग वाढतच जातो, आर्मेचरची वेटोळी बाहेर फेकली जाईपर्यंत. टेबलावर तपासायची तर १२ व्होल्टची एकच बॅटरी, मोटर शिकंजात घट्ट, आणि चार-पाच सेकंदच.

त्याआधी मेगर (इन्सुलेशन तपासायचे मीटर). २५० किंवा ५०० व्होल्टचा चालेल. कंट्रोलरची सगळी जोडणी सोडवून टर्मिनल ते मोटरची बॉडी मोजा. १ मेगाओहमच्या खाली आले तर लगेच रिवाइंडिंगला नेऊ नका. खाडीची हवा आणि कार्बनची धूळ यांनीच बहुतेकदा आकडा पडतो. कोरड्या हवेने धूळ उडवा, आत ६० वॉटचा पिवळा बल्ब लावून गोणपाटाने झाका, दोन रात्री ठेवा, पुन्हा मोजा.

वागळे_खराद | १३ जून, सकाळी ७:५०

वरच्या प्रतिसादाला जोड. ब्रशची झाकणे काढून कम्युटेटर बघा, म्हणजे आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बनचे ब्रश टेकून वीज देतात. एकसारखा चॉकलेटी रंग असेल तर हात लावू नका, ती चांगली साय आहे. काळे डाग ठरावीक अंतराने पडले असतील तर आर्मेचरमध्ये एखादे वेटोळे तुटलेले किंवा जळालेले असू शकते.

खात्री करायची सोपी रीत अशी: १२ व्होल्टच्या बॅटरीला ५५ वॉटचे दोन हॅलोजन हेडलाइट बल्ब समांतर जोडा आणि त्यांतून प्रवाह आर्मेचरमध्ये सोडा. साधारण ९ अँपिअर मिळतात. आता शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधले मिलिव्होल्ट मोजत पूर्ण फेरी मारा. सगळे आकडे जवळपास सारखे हवेत. एखाद्या जोडीत शून्य आले तर शॉर्ट, एकदम जास्त आले तर तुटलेले किंवा डाख सुटलेला. डाख सुटला असेल तर वाचवता येते.

कम्युटेटर ओरखडलेला असेल तर लेथवर अगदी हलका कट घ्या, मग पट्ट्यांमधला अभ्रक ०.५ ते ०.८ मिमी खाली खरवडा. अभ्रक वर राहिला की ब्रश उडतो, ठिणगी पडते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. घासायला काचपेपर वापरा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहतात आणि फटीत अडकून राहतात.

नवे ब्रश ड्रिल मशीनचे घेऊ नका, आकार जुळला तरी. ३६ व्होल्टवर दीडशे-दोनशे अँपिअर वाहायचे तर फोर्कलिफ्टच्या मोटरचे, तांब्याच्या जाड शेपटीचे ब्रश लागतात. बसवताना कम्युटेटरभोवती काचपेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळा आणि आर्मेचर हाताने फिरवून ब्रशचा तळ त्या गोलाईचा होऊ द्या. तळाचा तीन चतुर्थांश भाग टेकला की पुरे. नंतर धूळ उडवायला विसरू नका. बेअरिंग दोन्ही बदला, रबरी सीलवाले घ्या. नागदेवी स्ट्रीटला नंबर सांगितला की मिळतात.

ई_रिक्षावाला | १३ जून, दुपारी १:१५

एवढा खटाटोप कशाला? जुनी मोटर काढून ई-रिक्षाचा डिफरन्शिअलसह तयार धुरा बसवा. १००० वॉटची बीएलडीसी (बिनब्रशची) मोटर, कंट्रोलर, पेडल सगळे एकत्र मिळते, ब्रशची भानगड नाही. सुटे भाग कळवा-मुंब्र्यात कुठेही.

रेतीचे_गणित | १३ जून, संध्याकाळी ६:४०

@ई_रिक्षावाला, धुरा चांगला असतो, पण या कामाचा गिअर त्याच्यात नाही. आकडे मांडतो.

ट्रॅक्टर, माणूस आणि भरलेली छोटी ट्रॉली मिळून ५०० किलो धरू. सहास एक चढावर नुसते वजन ओढायला सुमारे ८०० न्यूटन, आणि गवत-मातीवर चाक फिरवायला अजून सुमारे ४०० न्यूटन. एकूण १२००. चाकाची त्रिज्या २८ सेंमी, म्हणजे धुऱ्यावर जवळपास ३३५ न्यूटन-मीटर पीळ हवा.

ई-रिक्षाची मोटर १००० वॉट, ३००० फेऱ्या, म्हणजे पीळ सुमारे ३.२ न्यूटन-मीटर. धुऱ्याचा गिअर साधारण दहास एक, तेव्हा चाकाला ३२ मिळतात. थोडा वेळ तिप्पट ओढली तरी शंभराच्या आसपास. ३३५ कुठे आणि १०० कुठे. चढावर मोटर जागेवर अडकणार, कंट्रोलर तापून बंद पडणार.

गवत कापताना ताशी ५ किमी पुरतो. २८ सेंमी त्रिज्येच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला ४७ फेऱ्या लागतात. ३००० फेऱ्यांच्या मोटरला म्हणजे त्रेसष्टास एक गिअर हवा. तो धुरा वापरायचाच असेल तर मधे सहापट घट देणारी साखळी आणि दणकट स्प्रॉकेट घाला, आणि मग सोपेपणा उरत नाही. टो ट्रॅक्टरचा मूळ गिअरबॉक्स सावकाश आणि जोरात ओढण्यासाठीच बनवलेला असतो. या यंत्रात सगळ्यात मौल्यवान भाग तोच आहे, मोटर त्याच्यानंतर. तो फेकू नये.

ई_रिक्षावाला | १३ जून, संध्याकाळी ७:२०

गणित पटले. चढ नसता तर मी अजूनही तेच सुचवले असते.

जुने_ते_चालू | १३ जून, रात्री ११:००

ज्यांना वाटते की विजेचा बागेचा ट्रॅक्टर ही नवी कल्पना आहे, त्यांच्यासाठी: अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९६९ मध्ये 'इलेक-ट्रॅक' नावाने असे ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीहून. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बनत होते, शेवटी व्हील हॉर्स या कंपनीकडे गेले. तेही ३६ व्होल्ट, सहा व्होल्टच्या सहा गोल्फ कार्ट बॅटऱ्या. त्यातले बरेच आजही लोक दुरुस्त करून वापरतात.

त्यांच्यापासून तीन गोष्टी उचलण्यासारख्या. बॅटऱ्यांचे वजन त्यांनी ओझे मानले नाही, चाकाची पकड म्हणून वापरले. गवत कापायच्या पात्यांना पट्टा नव्हता, प्रत्येक पात्याला स्वतंत्र मोटर. आणि ३६ व्होल्टचा एक सॉकेट बाहेर काढलेला, त्यावर करवत आणि कुंपण छाटायचे यंत्र चालायचे.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. त्यांच्या मोठ्या मॉडेलमध्ये शंट फील्ड असलेल्या मोटरी होत्या आणि वरचा वेग फील्ड कमजोर करून मिळवला जाई. त्यांच्या आकृत्या इंटरनेटवर सापडतात, पण त्यातली फील्डची जोडणी तुमच्या सिरीज मोटरला लावू नका. आणि ज्यांच्याकडे शंट मोटर आहे त्यांनी आर्मेचरला वीज असताना फील्डची तार कधी तोडू नये. त्या तारेवर ढिला लग असला तरी मोटर बेफाम होते.

घोडबंदरचा_माळी | १७ जून, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. मोजमाप: मेगरवर आधी ०.३ मेगाओहम, बल्ब लावून दोन रात्री ठेवल्यावर ६. पट्ट्यांचे मिलिव्होल्ट सगळे सारखे. ब्रश चारपैकी दोन धारकात अडकून बसले होते, कम्युटेटरला टेकतच नव्हते. धारक साफ करून १२ व्होल्ट दिले, चाके फिरली. आता वेगाचे काय करावे? रेझिस्टर ठेवू की कंट्रोलर घालू?

तांब्याची_तार | १७ जून, रात्री ९:४५

चाक न हलण्याचे कारण तेच ब्रश. छान.

रेझिस्टर काढा. पहिल्या टप्प्यावर अर्ध्याहून जास्त वीज त्या पट्ट्या तापवण्यात जाते, आणि गवत कापताना तुम्ही सतत पहिल्याच टप्प्यावर असणार. सिरीज मोटरसाठी कर्टिस १२०४ जातीचा ३६/४८ व्होल्टचा, २७५ अँपिअरचा कंट्रोलर पुरेसा आहे. तळोजा-तुर्भ्याकडे फोर्कलिफ्ट आणि गोल्फ कार्टच्या मोडीत वापरलेले मिळतात. पेडलला ० ते ५ किलोओहमचा पॉट (बदलता रेझिस्टर) लागतो. घेण्याआधी विक्रेत्याकडेच बॅटरी आणि बल्ब लावून तपासा, पेडलबरोबर बल्ब हळूहळू उजळला पाहिजे.

जोडताना चुका होतात त्या अशा. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. मुख्य कॉन्टॅक्टर लागताच ते क्षणात शेकडो अँपिअर ओढतात आणि कॉन्टॅक्टरची टोके वितळून चिकटतात. म्हणून कॉन्टॅक्टरच्या दोन टोकांवर समांतर २५० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा, म्हणजे कपॅसिटर आधीच भरलेले राहतील. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ चालेल, पांढरी पट्टी अधिक बाजूला. तो नसेल तर प्रत्येक वेळी किल्ली बंद करताना किल्लीचे टोक जळते. कंट्रोलर थेट पत्र्यावर नको. ६ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट, मधे थर्मल पेस्ट, आणि हवा लागेल अशी जागा.

जुन्या कॉन्टॅक्टरची टोके काळी दिसली तरी कानसू नका. ती चांदीची असतात, काळा थर वीज वाहतो. खड्डे पडले असतील तरच बदला.

पुढे-मागे करण्यासाठी फील्डची दोन टोके अदलाबदल करायची, आर्मेचर तसेच ठेवायचे. ही अदलाबदल ट्रॅक्टर थांबलेला आणि पेडल सोडलेले असतानाच व्हावी. पेडलखाली मायक्रोस्विच बसवून दिशेच्या कॉन्टॅक्टरला इंटरलॉक द्या.

केबल ३५ चौरस मिमी तांब्याची, वेल्डिंगची केबल उत्तम. लग कथिल चढवलेले, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून वर हीटश्रिंक. हातोडीने ठोकलेला लग इथल्या पावसात वर्षभरही टिकत नाही. बॅटरीजवळ डीसीसाठीचा पट्टी फ्यूज घाला, घरातला एसी एमसीबी नको. डीसीचा आर्क त्याच्यात विझत नाही. आणि हाताने ओढून सुटेल असा मोठा बॅटरी प्लग सीटच्या उजव्या हाताला. कॉन्टॅक्टर चिकटला तर थांबवायचा तोच एक मार्ग असतो.

खारघर_रोपवाटिका | १८ जून, सकाळी १०:१०

बॅटरीबद्दल कुणी बोलले नाही अजून. पुन्हा शिसे-आम्ल घ्यावी की लिथियम? रोपवाटिकेत अशीच एक गाडी आहे आणि दर पावसाळ्यानंतर पाणी-गंज-पाणी हेच चालते.

रेतीचे_गणित | १८ जून, दुपारी १२:३०

ताई, दोन्हीचे आकडे देतो, निर्णय कामावर.

शिसे-आम्लमधली नावाजलेली ६ व्होल्टची ट्रोजन टी-१०५ घ्या. २२५ अँपिअर-तास, वजन २८ किलो. पण २२५ हा २० तासांत रिकामी करण्याचा आकडा आहे. ७५ अँपिअरने ओढली तर ती ११५ मिनिटे देते, म्हणजे १४४ अँपिअर-तासच. त्यातही आयुष्य टिकवायचे तर अर्ध्यावर थांबायचे.

लिथियममध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या, दुसरी रसायने बागेत नकोत. १२ सेल ओळीने, ३८.४ व्होल्ट. जुनी ३६ व्होल्टची मोटर आणि कंट्रोलर यांना हे अगदी जुळते. १०० अँपिअर-तासाचा पॅक ७२ अँपिअर-तासाच्या 'अर्ध्या' शिशापेक्षा जास्तच काम देतो. सपाटीवर चालायला सुमारे २२ अँपिअर, दोन पात्यांच्या मोटरी मिळून ४०, एकूण ६२. पॅकचे ८५ टक्के वापरले तर ८२ मिनिटे.

'२७५ अँपिअरचा कंट्रोलर, मग बीएमएस (पॅक सांभाळणारे, गरज पडली तर वीज तोडणारे सर्किट) पण २७५ चा का नको' हा प्रश्न येईल. सावकाश चालताना मोटरमधला प्रवाह आणि बॅटरीतला प्रवाह वेगळे असतात. मोटरला २०० अँपिअर जात असताना बॅटरीतून ५० च निघत असतील. १२ सेलचा २०० अँपिअरचा बीएमएस पुरेसा आहे. पण तो कधीतरी वीज तोडणार हे गृहीत धरा, आणि उतारावर तोडली तर सिरीज मोटर गाडी धरून ठेवत नाही. पायाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक दोन्ही भरलेल्या ट्रॉलीसकट उतारावर तपासल्याशिवाय लिथियम घालू नका.

चार्जर बदलावा लागेल. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर शिशासाठी ४४ व्होल्टच्या वर जातो. एलएफपीला ४३.८ ही कमाल मर्यादा, ४२.६ वर थांबवले तर सेल जास्त टिकतात.

जुने_ते_चालू | १८ जून, दुपारी २:००

आणि वजन! सहा बॅटऱ्या म्हणजे १६८ किलो. १०० अँपिअर-तासाचे १२ सेल साधारण २४ किलो, पेटी धरून ३०. म्हणजे जवळपास १४० किलो गायब. ओल्या गवतावर चाके जागच्या जागी फिरतील, हिरवळ सोलून निघेल. ६०० × ३०० × २० मिमी लोखंडी प्लेट २८ किलोची होते. पाच प्लेटा जुन्या बॅटरीच्या ट्रेमध्ये बोल्टने बसवा, मागच्या धुऱ्याच्या जितक्या जवळ जमतील तितक्या. मग ब्रेक आणि पकड दोन्ही मूळच्यासारखे राहतात.

खारघर_रोपवाटिका | १८ जून, दुपारी ४:२०

शिसेच ठेवायचे ठरवणाऱ्यांसाठी माझ्याकडून. डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, आधी नाही. आधी घातले की चार्जिंगमध्ये आम्ल उतू जाऊन ट्रेवर सांडते. सांडलेले आम्ल लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम खायचा सोडा घालून धुवा, फेस येणे थांबेपर्यंत. सोड्याचे पाणी सेलमध्ये एक थेंबही जाऊ देऊ नका.

झाकणांवरचा ओलसर थरही वीज वाहतो. मल्टिमीटरने बॅटरीचे अधिक टोक ते गाडीची चेसिस मोजा, मग उणे ते चेसिस. दोन्हीकडे शून्याजवळ आले पाहिजे. २०-२५ व्होल्ट स्थिर दिसले तर कुठेतरी गळती आहे. चार्जिंगला लावताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेलाच सॉकेट वापरा.

वागळे_खराद | १९ जून, सकाळी ८:१५

आता पाती. मोटरच्या शाफ्टवर थेट पाते बसवण्याची चूक सगळे करतात. ३६ व्होल्ट, १००० वॉटची एमवाय१०२० मोटर ई-स्कूटरच्या दुकानात मिळते, पण तिचे बेअरिंग साखळीसाठी आहे. दगडाला पाते लागले की शाफ्ट वाकतो आणि पुढच्या मिनिटाला मॅग्नेट घासतात. पात्याला स्वतंत्र स्पिंडल करा. २५ मिमी शाफ्ट, दोन ६२०५ बेअरिंग किमान ६० मिमी अंतरावर, आणि वर मोटरशी रबरी स्पायडरचे कपलिंग. दगड लागला तर रबर तुटते, मोटर वाचते.

४०० मिमीचे पाते ३००० फेऱ्यांवर टोकाला सेकंदाला ६३ मीटर जाते. कोरडे गवत कापेल, ओले फाडेल. धार चांगली ठेवली तर आपल्या कामाला चालते. फेऱ्या वाढवायच्या तर ९६ मीटर ही गवत कापायच्या यंत्रांसाठी मानलेली कमाल मर्यादा, तिच्या बऱ्याच अलीकडे थांबा.

प्रत्येक मोटरला ४० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज. सीटखाली स्विच, माणूस उठला की पाती बंद. मॅग्नेटच्या मोटरीत ब्रेक सोपा आहे: वीज तुटताच रिलेने मोटरची दोन टोके १ ओहमच्या जाड रेझिस्टरवर जोडा, पाते लवकर थांबते. हे घातल्याशिवाय सोसायटीच्या बागेत, जिथे मुले असतात, ती गाडी बाहेर काढू नका.

रोटाव्हेटर लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर सोडून द्या. मुरमात तो सलग एवढा प्रवाह ओढतो की पॅक अर्ध्या तासात संपतो आणि ब्रश जळतात. ट्रॉली, गवत, हलका दाताळा, एवढेच.

खाडीकाठ | १९ जून, रात्री ९:००

रंग पावसाळ्यात मारू नका. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रायमर पत्र्याला धरत नाही, आतून फुगतो. सध्या आम्लाने खाल्लेला भाग सोड्याने धुवून, तारेच्या ब्रशने घासून, ग्रीसचा थर द्या आणि काम चालवा. ऑक्टोबरमध्ये उन्हात तापलेल्या पत्र्यावर झिंकचा प्रायमर, दुसऱ्या दिवशी इपॉक्सी. चेसिसच्या पोकळ पायपांना खालून ८ मिमीची भोके पाडा. पाणी आत साचूनच ते कुजतात.

घोडबंदरचा_माळी | ६ जुलै, संध्याकाळी ७:१०

कंट्रोलर, १०० अँपिअर-तासाचा पॅक, पाच प्लेटा बसल्या. पाती अजून नाहीत. क्लँप मीटरने बॅटरीची केबल मोजली: सपाटीवर, ट्रॉलीशिवाय, ताशी ५ किमीला ३८ अँपिअर. सुमारे २२ सांगितले होते. मोटर गरम नाही.

रेतीचे_गणित | ६ जुलै, रात्री ८:००

मोटर गार आहे म्हणजे वीज पुढे कुठेतरी खाल्ली जाते आहे. दहा मिनिटे चालवून मागचे दोन्ही ब्रेक ड्रम हाताच्या मागच्या बाजूने बघा, मग गिअरबॉक्स. टायरची हवा मोजा. गिअरबॉक्समधले तेल जुने, ग्रीससारखे घट्ट झाले असेल तर ईपी ९० भरा.

घोडबंदरचा_माळी | ८ जुलै, रात्री ८:४०

डावा ड्रम हात लावता येत नव्हता. शूची परतीची स्प्रिंग तुटलेली. नवी स्प्रिंग घातली, केबल दोन फेरे सैल केली, तेलही बदलले. आता सपाटीवर २१, भरलेल्या ट्रॉलीसकट चढावर ६८. हाताच्या ब्रेकवर ट्रॉलीसकट उतारावर पाऊण तास उभी ठेवली, हलली नाही. उद्यापासून पात्यांचे स्पिंडल.